पाचवा शब्द

अनुप तायडेनं क्षार मोजायचं मीटर ग्लासात बुडवलं, आकडा पाहिला, मीटर झटकून सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा बुडवलं. आकडा हलला नाही. हे पाणी बोअरमधून थेट आलेलं नव्हतं, मशीनमधून गाळून आलेलं होतं. त्यानं एक घोट तोंडात घोळवला आणि मोरीत थुंकला. जिभेच्या कडेला खार राहिलाच.

बाहेर ड्रायव्हर श्याम गाडीत जार चढवत होता. पाण्याला चव येते म्हणून अकोल्याच्या एका लग्नाच्या लॉनवाल्यानं मागच्या आठवड्यात अर्धी गाडी परत पाठवली होती. तेव्हापासून दोघंही त्या विषयावर बोलले नव्हते. बोलून काय होणार होतं?

सांगवी हे गाव खारपाणपट्ट्यातलं. अकोला मागं टाकून दर्यापूरकडे निघालं की पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन लागते. कापूस म्हणा, हरभरा म्हणा, वर सगळं जोमात येतं. पण खाली खणलं की मीठच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहात दूध घातलं की फाटतं. अनुपनं ह्याच खाऱ्या पाण्यावर संसार उभा केला होता. ते गाळायचं, थंड करायचं, निळ्या जारात भरायचं आणि विकायचं. बघता बघता ‘तायडे अ‍ॅक्वा’ हे नाव अकोल्या-अमरावतीच्या पंगतींमध्ये दिसू लागलं. बायको दीपमाला मुलीच्या कॉलेजसाठी अमरावतीच्या फ्लॅटवर राहायला गेली. अमरावतीतल्या मोठ्या मंगल कार्यालयांचं काम मिळायचीही बोलणी सुरू झाली. आणि इकडे बोअर मात्र दर उन्हाळ्यात आणखी खोल आणि आणखी खारं होत चाललं. मशीन बघायला आलेला मेकॅनिक जाताना म्हणाला, हा एक उन्हाळा निघेल साहेब, पुढचं काही सांगत नाही.

गावात गोडं पाणी एकाच ठिकाणी होतं, मिशन कंपाउंडातल्या विहिरीत. सगळीकडे मीठ आणि तिथंच गोडं कसं, हे भूजलवाल्यांनाही नीट सांगता आलं नव्हतं. मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, त्या विहिरीकडे आता फारशी फिरकत नव्हती. घरोघर अनुपचेच जार जात होते. कंपाउंडामागच्या बौद्ध पुऱ्यातल्या बाया तेवढ्या सकाळ-संध्याकाळ प्यायचं पाणी शेंदून नेत. अनुपनं मंडळीकडे अर्ज केला होता. विहीर भाड्यानं द्यावी. तो मोटर बसवेल, टिनाचं शेड घालेल, लोखंडी दार लावेल. पुऱ्यातल्यांसाठी दाराबाहेर एक नळ काढून देईल आणि रोज ठरल्या वेळी सोडेल. ते शेवटचं वाक्य लिहिताना त्याला स्वतःचं मन फार मोठं वाटलं होतं.

चर्चचं छप्पर गळत होतं, त्यामुळे पंचांची ना नव्हती. निकाल ईस्टरच्या उपासनेनंतर लागायचा होता. विहीर मिळाली तर अमरावती हातात होती. नाही मिळाली तर मशीन भंगारात आणि अनुप घरी.

त्यातच पाळक शेखर सरदारांनी गुड फ्रायडेचा पाचवा शब्द ह्या वर्षी अनुपला दिला. विहीर कुणाला मिळणार, ते ज्याला समजायचं त्याला समजलं.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि प्रभूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात शब्दांवर सात जण बोलतात, हे सगळीकडचंच. सांगवीत मात्र पाचव्या शब्दाची एक वेगळी रीत होती. पाचवा शब्द तहानेचा, ‘मला तहान लागली आहे’. त्या दिवशी मोठी माणसं तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. आणि पाचव्या शब्दावर जो बोलेल त्यानं, बोलणं झालं की खाली उतरून थेट फाटकावरच्या पाणपोईवर जाऊन बसायचं. उरलेले दोन शब्द तिथूनच ऐकायचे आणि तीनची घंटा होईपर्यंत रस्त्यानं येईल त्याला पाणी द्यायचं. स्वतः कोरडं राहून. पूर्वी तिथं माठ असत. अलीकडे अनुपचे जार असायचे आणि वर कापडी फलक, प्रभूच्या नावासोबत अ‍ॅक्वाचंही नाव असलेला.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं आपलं भाषण आईला वाचून दाखवलं. इंदूबाई तुरीची डाळ निवडत बसली होती. भाषण झकास झालं होतं. पाणी देणं ही केवढी सेवा, आजोबा देवमन तायडेंनी मिशनची विहीर खोदली, आणि तीच सेवा प्रभूनं आज नातवाच्या हाती सोपवली आहे, असा सगळा ओघ होता. अनुपनं कागद खाली ठेवला आणि वाट पाहिली.

"झालं?" इंदूबाईनं विचारलं.

"हो. कसं वाटलं?"

"चांगलं हाये. पन तू देनाऱ्यावरच बोलून राहिला बाबू. प्रभू तं तिथं मागून राहिला." तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "हातई मोकळे नव्हते त्याचे."

अनुपला जरा राग आला. म्हातारीला काय विचारावं आणि काय नाही, असं मनाशी म्हणत त्यानं कागदाची घडी केली. एक शब्द बदलला नाही.

शुक्रवारी ऊन असं होतं, की चर्चचे पंखे गरम वारा खाली ढकलत होते. पाचवा शब्द आला तेव्हा लेकरं पेंगायला लागली होती आणि म्हातारे ओठांवरून जीभ फिरवत होते. अनुप व्यासपीठावर बोलायला चढला. एरवी ‘काहून’ आणि ‘करून राहिलो’ म्हणणारा हा गडी, पण तिथं उभा राहिला की त्याची भाषा थेट पुण्याची होई. त्या दिवशीही झाली. आजोबांच्या विहिरीपाशी आल्यावर त्याचा आवाज भरून आला, दोघा-तिघा बायांनी डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या बाकावरचे मोतीरामकाका, पंचांमधले सगळ्यात जुने, मोठ्यानं आमेन म्हणाले. अनुपनं ते आमेन मनात नीट ठेवून घेतलं. मग तो खाली उतरला आणि उन्हात फाटकाकडे गेला.

पाणपोईवर सगळं लागलेलं होतं. गार जार, स्टीलचे ग्लास, वर फलक. पहिल्यांदा रस्त्याच्या कामावरचे मजूर आले. मग एक एसटी बिघडून थोड्या अंतरावर उभी राहिली आणि तिच्यातले प्रवासी आले. अनुप वाकून वाकून पाणी देत होता आणि लोक भरभरून आशीर्वाद देत होते. त्याला बरं वाटत होतं. मग दर्यापूरकडे निघालेली वऱ्हाडाची बस थांबली. करवल्या उतरल्या, पोट्टे उतरले, बॅण्डवाले उतरले. प्याले तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी बाटल्या भरल्या, कॅन भरले, ड्रायव्हरनं तर इंजिनातही ओतलं. त्या दिवशी नाही म्हणायची रीत नव्हती. बस धूळ उडवत निघून गेली तेव्हा अनुपनं एकेक जार कलता करून पाहिला. सगळे रिकामे होते.

त्यानं श्यामला फोन लावला. श्याम गाडी घेऊन अकोल्याला लग्नावर होता. यायला चार तरी वाजतील म्हणाला.

आतून सहाव्या शब्दावरचं बोलणं ऐकू येत होतं. अनुपचा घसा कोरडा ठणठणीत पडला होता. डोळ्यांपुढं मधूनच अंधारी येत होती. तेवढ्यात सायकल हातात धरून एक माणूस आला. मागं कॅरिअरवर बायको, तिच्या मांडीवर लहान पोरगी. उन्हानं तिघांचे चेहरे लाल झालेले. माणसानं आधी फलक वाचला आणि मग ग्लास उचलला.

"पानी संपलं भाऊ," अनुप म्हणाला.

त्या फाटकावर त्या दिवशी हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसेल. माणूस ग्लास खाली ठेवून वळला. पोरगी कुरकुरली. तेव्हा अनुपनंच हात वर करून चर्चच्या मागची बाजू दाखवली.

"मांगं विहीर हाये. दोर-बादली तिथंच राह्यते. जा, बिनधास्त काढा."

तिघं गेले आणि काही वेळानं परत आले. पोरीचं झबलं पुढून ओलं झालेलं होतं आणि ती हसत होती. माणसानं जाता जाता अनुपला हात जोडले. पाणी गोड आहे तुमचं, म्हणाला. अनुपनंही हात जोडले. सायकल वळणावर दिसेनाशी झाली आणि मग त्याच्या मनात आलं, हेच कुटुंब पुढच्या वर्षी आलं तर आपण कुठं बोट दाखवणार? टिनाच्या शेडकडे? लोखंडी दाराकडे? त्यानं तो विचार झटकला. उन्हानं डोकं फिरलंय, म्हणाला.

तीनची घंटा झाली. मंडळी बाहेर आली आणि जो तो पाण्यासाठी घराकडे पळाला. कुणी पाणपोईकडे पाहिलंही नाही. तायडेकडे पाणी नसेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. अनुपचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि पाय तिथवर जातील अशी त्याला खात्री नव्हती. तो भिंतीच्या आधारानं चर्चच्या मागं गेला.

विहिरीवर पुऱ्यातली शकुन तेलगोटे पाणी शेंदत होती. दोराचा जुना गडगडा करकर करत होता. पन्नाशीची बाई, ह्या गावात सून होऊन आली तेव्हापासून ती इथंच पाणी भरत होती. अनुपला पाहून तिनं पदर सावरला, पण हात थांबवले नाहीत.

"शकुनबाई," अनुप म्हणाला, "पानी पाजता काय थोडं?"

बोलल्यावर त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. कुणाजवळ काही मागितल्याला त्याला किती तरी वर्षं झाली होती. कुणापुढं हात पसरावा लागत नाही, ह्यालाच तो प्रभूचा आशीर्वाद म्हणत आला होता. शकुननं बादली काठावर घेतली. अनुप वाकला, दोन्ही हात जुळवून ओठांपाशी नेले आणि थांबला.

पाणी पडलं नाही. त्यानं मान वर केली. शकुननं बादली दगडावर टेकवली होती आणि ती त्याच्या हातांकडे पाहत होती.

"हात खाली घ्या भाऊ."

ती नाही म्हणतेय असंच त्याला वाटलं. म्हणाली असती तरी तिचं चुकलं नसतं. त्यानं हात खाली घेतले.

"ह्या विहिरीवर ओंजळ धरत नाईत," शकुन म्हणाली. "तुमच्याच आज्याचा नेम हाये." तिनं बादली आपल्या गुंडीत रिकामी केली आणि दोर त्याच्या हातात दिला. "घ्या. काढा अन् प्या."

अनुप दोर धरून उभा राहिला. हा नेम त्याला माहीत नव्हता असं नाही. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून त्यानं तो कितीदा तरी ऐकला होता. जुन्या काळी तायडे काय आणि तेलगोटे काय, दोन्ही घरांतली माणसं गावच्या विहिरीच्या पायथ्याशी ओंजळ धरून बसत. विहिरीवर चढायची त्यांना मनाई होती. वरच्या कुणाला वेळ झाला आणि दया आली, तर तो वरून पाणी सोडी. नाही तर दिवस कलला तरी बसून राहायचं. पुढं एक घर ख्रिस्ती झालं, एक बौद्ध झालं, पण मिशनच्या जमिनीत विहीर दोघांनी मिळून खोदली. गोडं पाणी लागलं त्या दिवशी देवमन तायडेंनी ओल्या मातीत उभं राहून सांगितलं, की इथं कोणी कोणाला वरून पाणी पाजणार नाही. ज्याला तहान लागेल त्यानं आपल्या हातानं काढावं. तासाभरापूर्वी भरल्या आवाजात विहिरीची गोष्ट सांगताना अनुपनं खोदल्याचं सांगितलं होतं. का खोदली, ते सांगितलं नव्हतं.

आणि अर्जात त्यानं लिहून दिलं होतं, की पुऱ्यातल्यांना ठरल्या वेळी नळ सोडू.

त्यानं बादली विहिरीत सोडली. सवय नव्हती, भरलेली बादली वर येताना दोर हातातून सटकला आणि तळवा सोलून निघाला. शकुन बाजूला उभी राहिली, मदतीला आली नाही. दुसऱ्या खेपेला बादली काठाला आली. अनुप गुडघ्यांवर बसला आणि तिला तोंड लावून प्याला. पाणी गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं. इतकं गोड पाणी तो शेवटचं कधी प्याला होता हे त्याला आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेपेक्षा मोठी भीती वाटली, की परवा पंच हो म्हणतील.

शकुननं गुंडी डोक्यावर घेतली. दोन पावलं जाऊन ती थांबली.

"इतवारपासून कुलूप लागते म्हन्ते हितं. खरं हाये काय भाऊ?"

अनुप सोललेल्या तळव्याकडे पाहू लागला. तिनं फार वाट पाहिली नाही.

घरी आल्यावर इंदूबाईनं त्याचा तळवा पाहिला. काय झालं म्हणून विचारलं नाही, हळद-तेल गरम करून आणलं आणि लावलं. लावता लावता एवढंच म्हणाली,

"गोड हाये न अजून?"

"हो माय."

ईस्टरच्या रविवारी सगळ्यांनी एकमेकांना प्रभू उठल्याच्या शुभेच्छा दिल्या, चहा-केक झाला आणि पंच बसले. पाळकांनी अनुपचा अर्ज काढला. अनुप उभा राहिला आणि म्हणाला, अर्ज वाचू नका, मला विहीर नको.

मोतीरामकाकांनी चष्मा काढला. त्यांनी आयुष्यभर कापसाची दलाली केलेली. माणूस ऐन वेळी मागं सरतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे त्यांना पाठ होतं. भाडं जास्त वाटत असेल तर बसून पाहू की, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. दुसऱ्यानं भाडं उतरवायची तयारीही दाखवली. अनुप नाही नाही म्हणत राहिला. कारण काय, असं पाळकांनी विचारलं. चढून बोलायची भाषा त्याच्याजवळ होती. ती आज उपयोगाची नव्हती.

"गडगडा बदलावा लागते," तो शेवटी म्हणाला. "दोरई कुजला. तेवढं मी करतो."

तेवढंच मंजूर झालं. तायडेला अमरावतीकडे ह्याहून फायद्याची जागा मिळालेली दिसते, यावर घरी जाताना सगळ्यांचं एकमत झालं.

अमरावतीत काही मिळालेलं नव्हतं. मे संपायच्या आधीच मशीननं मान टाकली आणि तायडे अ‍ॅक्वाचं शटर खाली आलं. श्याम दुसऱ्या गाडीवर लागला. फ्लॅट सोडावा लागला, मुलगी होस्टेलवर गेली आणि दीपमाला सांगवीला परत आली. ती बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तो तिचा हक्कच होता. आता अनुप स्वतःच जारची गाडी चालवी, शेतकऱ्यांचा भाजीपाला पहाटे अकोल्याच्या बाजारात नेऊन टाकी. विहीर सोडली ही चूक होती की काय, असं त्याला रस्त्यात कधी कधी वाटे. जार नव्हते, म्हणून घरात प्यायला पाणीही नव्हतं.

एका सकाळी बाजारातून परतल्यावर तो घागर घेऊन विहिरीवर गेला. नवा गडगडा आवाज न करता फिरत होता. दोर पिवळाधमक होता. अनुपनं दोन्हींवरून समाधानानं नजर फिरवली आणि सवयीनं सरळ पुढं होऊन दोराला हात घातला.

"भाऊ," बाजूला बसलेली शकुन म्हणाली, "मांगं व्हा. नंबर हाये."

अनुपनं वळून पाहिलं. गुंड्या, घागरी, प्लॅस्टिकचे डबे, चर्चच्या भिंतीला धरून पार कडुनिंबापर्यंत ओळ लागली होती. त्यानं दोर सोडला, घागर उचलली, ओळीच्या शेवटाला जाऊन एका निळ्या डब्यामागं ठेवली आणि पाळी येईपर्यंत सावलीत उभा राहिला.